अंगठ्याची पाठ

मोठ्या डॉक्टरांनी कुलूपवाल्याचं डावं मनगट धरलं आणि आपले दोन अंगठे त्यात रोवले. एक अंगठ्याच्या अंगाला, एक करंगळीच्या अंगाला.

"मूठ आवळा. सोडा. आवळा. सोडा. पुन्हा. हं, आता उघडा."

उघडलेला तळवा पांढराफटक पडला होता. डॉक्टरांनी करंगळीकडचा अंगठा उचलला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजायला सुरुवात केली. पाच व्हायच्या आत तळव्यात रंग परत आला.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी कुलूपवाल्याला सांगितलं नव्हतं, मागे उभ्या असलेल्या लहान डॉक्टरणीला सांगितलं होतं. "एका नळीवर हात जगतो. दुसरी आपली. डाव्या हातावर खूण करून ठेवा. या हातात कोणी सुई टोचायची नाही."

"आपली म्हणजे कोणाची?" कुलूपवाल्याने विचारलं.

मोठे डॉक्टर थांबले. थांबले म्हणजे बसले नाहीत. मोठे डॉक्टर कॉटवर कधी बसत नाहीत. बसलं की पेशंट प्रश्न विचारायला लागतो.

"तुम्हाला समजावलं नाही का कोणी? हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तीन नळ्या, तुमच्या तिन्ही तुंबल्यात. तुंबलेल्या जागेच्या पुढे नवी नळी जोडायची. ती विकत मिळत नाही, तुमच्याच अंगातून काढावी लागते. समोरच्या नळीला छातीच्या आतली डावी धमनी लावतो, तिच्याइतकं टिकाऊ दुसरं काही नाही. उरल्या दोन, बाजूची आणि मागची. त्यांना हातातली."

"पायातली का नको? माझ्या मेव्हण्याला पायातल्या लावल्यात."

मेव्हणा शेजारच्या स्टुलावर संत्रं सोलत बसला होता. आपलं नाव निघाल्यावर त्याने लगेच पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली. नडगीवरून लांबलचक पांढरा वण उतरला होता.

"किती वर्षं झाली?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ. दोन लावल्या होत्या साहेब. एक गेली, दुसरी जायच्या वाटेवर आहे. मी मात्र अजून इथेच."

"बघा. पायातली नस परतीचं संथ रक्त वाहणारी. तिला दाबाची सवय नसते. हृदयावर लावली की दहा वर्षांत निम्म्या लोकांची बंद पडते. हातातली धमनी दाबातच वाढलेली असते, ती टिकते. तुमचं वय छप्पन्न. तुम्हाला अजून वीस वर्षं काढायचीत की नाही?"

"मग उजव्या हातातली घ्या."

"उजव्या मनगटातून तुमची अँजिओग्राफी झाली. आत तार फिरली की अस्तर खरवडतं. खरवडलेली नळी मी हृदयावर शिवत नाही."

"तेव्हा मला कोणी विचारलं नाही, कुठल्या हातातून करायची ते."

"विचारायचं काय त्यात? सगळ्यांचीच उजव्यातून करतात." डॉक्टरांनी फाइल उघडून कागदावर बोट ठेवलं. "आणि हे बघा, लिहिलंय. कामाचा हात, उजवा. मग डावा दिला तर बिघडलं कुठे? गुरुवारी पहिला नंबर तुमचा."

ते पुढच्या कॉटकडे गेले. तिथेही ते बसले नाहीत.

कुलूपवाल्याने फाइल ओढून घेतली. अक्षर नर्सचं होतं. त्याने पायाशी उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं.

"हे कोणी सांगितलं?"

"मी," बायको म्हणाली. "तुम्हाला आणलं तेव्हा तुम्ही मासळीसारखे तडफडत होतात. ती बाई विचारत होती, मी सांगत होते. वय किती, साखर आहे का, हात कुठला."

"आणि उजवा सांगितलास."

"मग काय सांगू? सही उजव्याने करता, जेवता उजव्याने. एकदाच माझ्यावर हात उगारला होतात, तोही उजवाच होता."

मेव्हण्याने संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि खिडकीबाहेर बघायला लागला. कुलूपवाल्याने फाइल मिटली. सव्वीस वर्षांच्या संसारात बायको त्याच्या दुकानात कितीदा तरी आली होती. डबा ठेवायची, दोन शब्द बोलायची, निघून जायची. त्याचा कुठला हात काय करतो हे तिने कधी बघितलं नव्हतं. त्यानेही कधी दाखवलं नव्हतं. नवऱ्याचं काम म्हणजे नवरा सकाळी जातो आणि संध्याकाळी येतो, एवढंच बहुतेक घरांत ठाऊक असतं. यात तिची चूक काढायची तर अर्ध्या जगाची काढावी लागेल.

किल्लीशिवाय कुलूप उघडायला दोन्ही हात लागतात. उजव्यात वाकडी सळई. ती आतल्या पिना एकेक करून वर ढकलते. डाव्यात पातळ पट्टी. ती किल्लीच्या भोकात अडकवून जरासा पीळ देऊन ठेवायचा. पिन आपल्या जागी बसली की आतला गाभा केसभर सरकतो. तो केस डाव्या हाताला कळला पाहिजे. उजवा नुसता ढकलतो, तो हमाल. कुलूप उघडतो तो डावा.

त्यातही एक गोम होती. दिवसभर कानस चालवणाऱ्या माणसाच्या पेरांवर घट्टे पडतात आणि घट्ट्यांना काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून त्याच्या चुलत्याने, ज्याचं हे दुकान मूळचं होतं, त्याला पट्टी धरायची वेगळी रीत शिकवली होती. पट्टीचं शेपूट पेराने दाबायचं नाही. अंगठा आडवा करायचा आणि शेपूट त्याच्या पाठीवर, नखाच्या मागे, टेकवायचं. तिथल्या कातडीला काम पडत नाही, म्हणून ती तान्ह्या बाळासारखी मऊ राहते. शहरातले बाकीचे कुलूपवाले या रीतीला हसायचे. हसून झालं की त्यांच्याच्याने न उघडलेली कुलपं याच्याकडे पाठवायचे.

दुपारी लहान डॉक्टरीण निळं पेन घेऊन आली. तिशीची असेल. हातातली धमनी काढायचं काम तिचं होतं. मोठे डॉक्टर छाती उघडत असताना तिने हात उघडायचा, अशी त्यांची वाटणी. तिने कोपरापासून मनगटापर्यंत रेघ ओढली आणि वर बाण काढला, चुकून कोणी भलतीकडे जाऊ नये म्हणून.

"दुखेल का वगैरे विचारत नाही," कुलूपवाला म्हणाला. "नंतर काय होतं ते सांगा."

"हात नीट चालतो. ताकद जात नाही. वण राहतो."

"आणखी?"

"काही जणांना बधिरता येते. धमनीच्या अंगावरून एक बारीक संवेदनेची नस जाते, ती दुखावते. पण बोटांच्या पेरांना काही होत नाही, फक्त इथे." तिने त्याच्या अंगठ्याच्या पाठीवर पेनाचं टोपण टेकवलं. "ही जागा कशाला लागत नाही माणसाला."

कुलूपवाला त्या टोपणाकडे बघत राहिला.

"किती जणांना?"

"शंभरातल्या दहा-पंधरा जणांना. बहुतेकांची सहा महिन्यांत जाते."

"आणि बाकीच्यांची?"

ती खोटं बोलली असती तर काम सोपं झालं असतं. "राहते," ती म्हणाली.

मग त्याने तिला पट्टीची गोष्ट सांगितली. तिने मध्येच विचारलं, "हात बदलून बघितले तर?"

"तुम्ही उद्यापासून डाव्या हाताने शिवा की."

ती हसली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. पेशंट ऑपरेशनला घाबरला की हजार सबबी काढतो, हे तिने चार वर्षांत पाहिलं होतं. वॉर्डाच्या टोकाला चादरींचं कपाट होतं. त्याच्या कुलपाची किल्ली आठवड्यापूर्वी हरवली होती, आणि थोरल्या सिस्टरनी सुतारकामाच्या विभागाला तीन चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. उत्तर आलं होतं की कुलूप हे सुतारकामात येत नाही.

"ते उघडून दाखवा," लहान डॉक्टरीण म्हणाली.

त्याने सिस्टरच्या केसांतला आकडा मागून घेतला. फाइलीत कागद अडकवायची पत्र्याची पट्टी दुहेरी मुडपून घेतली. कपाटापुढे खुर्ची ठेवून त्याला बसवलं. त्याने डोळे मिटले. सिस्टरचं "अहो, जपून, ते सरकारी..." एवढं बोलून होईपर्यंत कुलूप लटकत उघडलं होतं.

"अगं बाई!" सिस्टर म्हणाल्या. "आणि आम्ही आठवडाभर वरच्या मजल्यावरून चादरी आणतोय."

"लावा परत," लहान डॉक्टरीण म्हणाली.

"परत? का?"

"लावा तर."

तिने ट्रेमधून मलमाची ट्यूब आणली. लहान मुलांना सुई टोचायच्या आधी लावतात ते बधिर करणारं मलम. अंगठ्याच्या पाठीवर तिने त्याचा जाड थर दिला, वर प्लास्टिकची पट्टी चिकटवली आणि घड्याळ बघितलं. "इंजेक्शनने लवकर झालं असतं, पण या हातात सुई टोचायची नाही असा हुकूम आहे."

तासाभराने तिने मलम पुसून काढलं, टाचणीने टोचून बघितलं. त्याला कळलं नाही.

तो पुन्हा खुर्चीवर बसला. तेच कुलूप, तोच आकडा, तीच पट्टी. उजवा हात पिना ढकलत होता. डाव्या अंगठ्यावर पट्टी आहे हे त्याला डोळ्यांनी दिसत होतं, एवढंच. पीळ जास्त झाला की पिना अडकत होत्या, कमी झाला की सगळ्या खाली पडत होत्या. त्याने पेराने धरून बघितली. घट्ट्याला काही सांगता आलं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खरं सांगायचं तर त्याला मनातून वाटत होतं की उघडावं. उघडलं असतं तर भांडण मिटलं असतं, डावा हात पुढे करून तो मोकळा झाला असता. सतराव्या मिनिटाला त्याच्या कपाळावर घाम आला आणि डॉक्टरणीने त्याच्या हातातून आकडा काढून घेतला.

"बस झालं. छातीत दुखायला लागेल."

"बघितलंत?"

"बघितलं," ती म्हणाली. थोडा वेळ ती कपाटाला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "छातीत उजव्या बाजूलाही तशीच धमनी असते. डावी-उजवी दोन्ही वापरता येतात. पण तुम्हाला साखर आहे. दोन्ही काढल्या की मधल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम चिघळते, कधी कधी हाड जुळत नाही. साखरवाल्यांत हे जास्त होतं."

"मग माझ्यासाठी ते बंदच की."

"अगदी बंद नाही. धमनी भोवतालच्या मांसासकट न काढता नुसती सोलून काढली तर धोका बराच कमी होतो. पण त्याला पाऊण तास जास्त लागतो, आणि सरांची दिवसाला दोन ऑपरेशनं..." ती थांबली. पण तोंडातून गेलेला शब्द परत आत जात नाही.

कुलूपवाल्याचा अंगठा अजून मेलेला होता. चादरींचं कपाट बंद होतं. सिस्टरनी वरच्या मजल्यावर चादरींसाठी फोन लावला.

संध्याकाळी भेटीच्या वेळेत बायकोला हे सगळं कळलं आणि तिचं डोकं फिरलं.

"अंगठ्यासाठी? अहो, माणसं जगायला पाय कापून देतात आणि तुम्ही अंगठ्याची पाठ कवटाळून बसलात? हात राहिला आणि तुम्ही नाही राहिलात, तर त्या हाताचं मी काय करू? कपाटात ठेवू?"

"ताई, कपाटाचं नाव काढू नको," मेव्हणा म्हणाला. "ते बंद आहे."

"तू गप्प बस. तुझंच उदाहरण आहे ना समोर? आठ वर्षांत पाइप तुंबले तुझे."

"म्हणूनच सांगतो. दाजी, माझं ऐका. मला ऑपरेशनच्या आधी कोणी काही विचारलंच नाही. तीन महिन्यांनी एकाने विचारलं, कुठल्या लावल्या? मी म्हटलं, लाल रंगाच्या असतील. तुम्हाला निदान माहीत तरी आहे, कुठून काय जाणार ते."

"मला जगायचंय," कुलूपवाला म्हणाला. "मरायची हौस नाही. पण घरी येऊन मी करू काय? डुप्लिकेट किल्ल्या? त्या आता मशीन काढतं. कोपऱ्यावरचा चप्पलवाला पण काढतो. बंद कुलूप घेऊन लोक माझ्याकडे येतात ते या एवढ्याशा कातडीसाठी."

"मग घरी बसा. मी कमावते ते पुरतं."

"पुरेल. आणि मी दिवसभर तुझ्या मागे मागे फिरत डाळीत मीठ कमी आहे म्हणून सांगत राहीन."

हे मात्र तिला खरं वाटलं. ती कॉटच्या कडेला बसली. मग तिने त्याचा डावा हात उचलून मांडीवर घेतला, निळ्या रेघेवरून बोट फिरवलं आणि अंगठ्याच्या पाठीवर नख रोवलं.

"कळतंय?"

"आता कळतंय. मलम उतरलं."

"मला आधी सांगायचंत ना. मी डावा लिहायला लावलं असतं."

"मला तरी कुठे ठाऊक होतं, कागदावर असा प्रश्न असतो म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर आले तेव्हा लहान डॉक्टरणीने मलमाचा प्रयोग सांगितला. ऐकताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या.

"वॉर्डात कुलपं फोडायचे प्रयोग? छान. आता तिजोरी आणा." मग कुलूपवाल्याकडे वळून म्हणाले, "हे बघा, शंभरातल्या पंच्याऐंशी जणांना काही होत नाही. तुम्ही त्या पंधरांतले आहात हे कशावरून?"

"नाही हे कशावरून?"

"अहो, अंगठ्याच्या पाठीचा उपयोग काय असतो माणसाला? डावा हात तर नुसता धरायला."

"तुम्ही शिवता तेव्हा तुमचा डावा काय करतो, साहेब?"

"चिमटा धरतो."

"नुसता धरतो?"

मोठ्या डॉक्टरांनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. पंचवीस वर्षं त्यांच्या डाव्या हातातल्या चिमट्याने त्यांना सांगितलं होतं की धमनीची भिंत कुठे कडक आहे, कुठे फाटेल. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. कागदावर त्यांचाही कामाचा हात उजवाच होता.

"छातीतल्या दोन्ही घ्या," कुलूपवाला म्हणाला. "सोलून."

मोठ्या डॉक्टरांनी लहान डॉक्टरणीकडे बघितलं. ती फाइलीत बघायला लागली.

"साखर आहे तुम्हाला. जखम पिकली तर महिनाभर इथे पडून राहाल. हाड जुळलं नाही तर शिंकताना रडाल. हे सगळं मी सांगतोय, आणि साक्षीला तुमची बायको आहे."

"ऐकलं. आणि पाऊण तास जास्त लागतो, तेही ऐकलं."

वॉर्डात चार कॉट होत्या. चारही पेशंट कान टवकारून पडले होते. मोठे डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांचे हात सोन्याचे होते असं सगळे म्हणत आणि ते खरंच होतं. पण दिवसाला दोन, आठवड्याला दहा, असं करता करता कुठली नळी घ्यायची याचं उत्तर घड्याळही देतं, हे ते स्वतःशीही बोलत नसत. दोन टोळ्या एकाच वेळी कामाला लागल्या, एक छातीवर, एक हातावर, की तासभर वाचतो. त्याला ते शास्त्र म्हणत. बरंचसं शास्त्र होतंही. उरलेलं वेळापत्रक होतं.

"गुरुवारचा दुसरा नंबर शुक्रवारी ढकला," शेवटी ते म्हणाले. ते कुलूपवाल्याला नव्हे, फाइलीला सांगत होते. "पण डावा हात तयार ठेवायचा. आत गेल्यावर कमी पडलं तर मला नळी लागेल."

"नाही," कुलूपवाला म्हणाला. "कमी पडलं तर पायातली घ्या. लिहून देतो."

"ती टिकणार नाही, हे सांगितलं ना?"

"सांगितलंत. हा बसलाय ना समोर, न टिकलेला."

"हजर," मेव्हणा म्हणाला.

कुलूपवाल्याने कागदावर उजव्या हाताने लिहून दिलं. बायकोने खाली सही केली. करताना तिने दात आवळले होते, पण केली. लहान डॉक्टरणीने स्पिरिटचा बोळा आणून निळी रेघ पुसली. बाण नीट पुसला गेला नाही. तो फिकट निळा राहिला.

गुरुवारी काय झालं ते कुलूपवाल्याला शनिवारी कळलं. त्याआधी त्याला एवढंच कळलं की छातीवर कोणीतरी ऐरण ठेवली आहे आणि घशात नळी आहे. जरा शुद्ध आल्यावर त्याने तर्जनीचं नख डाव्या अंगठ्याच्या पाठीवर ओढलं. नख कळलं. त्याने पुन्हा ओढलं. मग त्याच्या लक्षात आलं की उजवा पाय पोटरीपासून घोट्यापर्यंत बांधलेला आहे.

मोठे डॉक्टर आले. या वेळी बसले. थकले होते म्हणून असेल.

"उजवी सोलून काढली. चांगली निघाली. बाजूच्या नळीला व्यवस्थित लागली. मागच्या नळीपर्यंत आखूड पडली, दोन बोटं. ताणून शिवली असती तर फाटली असती."

"मग?"

"मग काय? हात मागितला." त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या लहान डॉक्टरणीकडे हनुवटी केली. "या बाईंनी हात अंगाशी बांधून हिरव्या चादरीखाली घालून ठेवला होता. धुतलाच नव्हता. म्हणाल्या, कागदावर 'नाही' असं लिहिलंय. मी पायातली लावली."

"म्हणजे तिसरी मेव्हण्यासारखी."

"तिसरी मेव्हण्यासारखी. दोन चांगल्या, एक..." त्यांनी हात हलवला. "पाच वर्षं, दहा, पंधरा. मी देव नाही. माझ्या मनासारखं झालं असतं तर तिन्ही टिकाऊ असत्या. आणि तुमच्या मनासारखंही पूर्ण झालं नाही. तेव्हा दोघंही गप्प बसू."

ते गेले. लहान डॉक्टरीण तिथेच होती.

"खूप बोलले का तुम्हाला?" कुलूपवाल्याने विचारलं.

"थिएटरमध्ये सगळेच बोलतात," ती म्हणाली आणि त्याची लघवीची पिशवी बघायला वाकली.

जखम पिकली. फार नाही, खालच्या टोकाला दोन इंच. रोज सकाळी कोणीतरी ती दाबून पू काढायचं आणि रोज सकाळी कुलूपवाला भिंतीला शिव्या द्यायचा. साखर उतरेना म्हणून तीन वेळा इन्सुलिन. सुया आता डाव्या हातात टोचल्या तरी चालत होत्या. बायको पहाटे यायची, डबा ठेवायची आणि म्हणायची, "घ्या अंगठा." तो म्हणायचा, "घेतला." याहून जास्त ते या विषयावर बोलत नसत. नऊ दिवसांत घरी जायचं होतं, सव्वीस दिवस लागले.

घरी सोडायच्या दिवशी थोरल्या सिस्टर कॉटपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी केसांतला आकडा काढून न बोलता पुढे केला.

"अजून बंदच आहे?"

"सुतारवाले म्हणतात वेल्डिंगवाल्यांकडे जा. वेल्डिंगवाले म्हणतात, कुलूप शाबूत असताना कसं कापणार?"

तो भिंतीला धरून कपाटापर्यंत चालत गेला. छातीवर पट्टा होता, उजवा पाय सुजलेला होता. बायको खुर्ची घेऊन मागून आली. मेव्हणा सामानाची पिशवी घेऊन उभा होता. कुलूपवाला बसला, पत्र्याची पट्टी मुडपली, अंगठा आडवा केला.

पहिल्यासारखं झटकन झालं नाही. सव्वीस दिवस पडून राहिलेले हात कापत होते, खांदे वर करता येत नव्हते. दोनदा पिना पडल्या. बायको त्याच्या डाव्या बाजूला उकिडवी बसली, तोंड कुलपाच्या पातळीवर आणून. उजवा हात तिला दिसत होता, खालीवर होणारा, गडबड्या. डावा जागचा हलत नव्हता. नखामागच्या कातडीवर पत्र्याची धार टेकलेली होती आणि तो अंगठा इतका स्तब्ध होता की तिने स्वतःचा श्वास धरला. एकदा त्या कातडीवर बारीक शहारा उठल्यासारखा तिला वाटला. तेवढ्यात कुलूप सुटलं.

"सहा मिनिटं," मेव्हणा म्हणाला. "दाजी, म्हातारे झालात."

सिस्टरनी चादरी मोजायला घेतल्या. बायको उठली आणि खिडकीपाशी बसलेल्या कारकुनाकडे गेली. त्याने घरी सोडल्याचा छापील कागद तिच्या हातात दिला. त्यावर ऑपरेशनची माहिती होती. डावी छातीतली एक, उजवी छातीतली एक, पायातली एक. त्याखाली जुन्या फाइलीतून जसंच्या तसं उतरलेलं: कामाचा हात, उजवा.

"हे चुकलंय," ती म्हणाली.

"आता काय फरक पडतो, बाई? ऑपरेशन झालं."

"बदला."

"कॉम्प्युटरमध्ये बदलता येत नाही. एकदा भरलं की भरलं."

तिने कारकुनाच्या खिशातलं पेन उपसलं, 'उजवा' खोडलं आणि वर मोठ्या अक्षरात 'डावा' लिहिलं. थोडा विचार करून तिने पुढे 'अंगठ्याची पाठ' असंही लिहिलं. जागा कमी पडली, म्हणून शेवटचं अक्षर डॉक्टरांच्या सहीवर गेलं.

लिफ्टमध्ये तिघं उभे राहिले. मेव्हण्याने आपल्या पायाकडे बघितलं, मग दाजींच्या.

"या, पायवाल्यांत तुमचं स्वागत आहे. एक-तृतीयांश का होईना."

"तुझी दुसरी गेली की सांग," कुलूपवाला म्हणाला. "माझं कितपत चाललंय ते मला कळेल."

"आधी तुम्ही सांगा. तुमच्या हाताला कळतं ना सगळं."

लिफ्ट खाली जायला लागली. बायको कागदाची घडी घालत होती. कुलूपवाल्याने डावा अंगठा मागे नेऊन लिफ्टच्या पत्र्याला टेकवला. पत्रा गार होता. आत कुठेतरी यंत्राची बारीक थरथर होती, तीही कळत होती.